डेम्प्सी विरुद्ध विल्स : तिकिटे छापली गेली, लढत झाली नाही

६ सप्टेंबर १९२४ ही तारीख असलेली मुष्टियुद्धाची तिकिटे छापून तयार होती. स्थळ जर्सी सिटी. एका बाजूला हेवीवेट जगज्जेता जॅक डेम्प्सी, दुसऱ्या बाजूला त्याचा सर्वांत प्रबळ आव्हानवीर हॅरी विल्स. ती लढत त्या दिवशी झाली नाही आणि पुढेही कधी झाली नाही. मात्र झाली असती तर कोण जिंकले असते, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

या वादात बहुधा दोघांपैकी एकाला अजिंक्य ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्षात दोघांतही मोठे दोष होते. कोणाचा दोष कोणत्या वर्षी किती वाढला होता, हे पाहिल्याखेरीज कोणतेही उत्तर म्हणजे तोंडची वाफच ठरते.

प्रथम पार्श्वभूमी. १९०८ साली सिडनीत जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे त्याने निवृत्तीतून परत आणलेल्या जिम जेफ्रीजला धूळ चारली आणि त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. कृष्णवर्णीयांचे बळी गेले. त्या लढतीचा आयोजक टेक्स रिकार्ड होता, आणि पंचही तोच होता. १९१५ साली हवाना येथे जेस विलर्डने जॉन्सनला पाडले. त्यानंतर श्वेतवर्णीय विजेत्यांनी ‘वर्णरेषा’ आखली : हेवीवेट जेतेपदासाठी कृष्णवर्णीयाला रिंगणात घ्यायचे नाही. हा कुठे लिहिलेला कायदा नव्हता, म्हणून तो मोडताही येत नव्हता.

४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे डेम्प्सीने अवाढव्य विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा जमिनीवर लोळवून जेतेपद घेतले. विजयानंतर लगेचच, आपण कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी लढणार नाही, अशी त्याची भूमिका वृत्तपत्रांत झळकली. याच डेम्प्सीचा सरावाचा जोडीदार बिल टेट हा कृष्णवर्णीय होता. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन लेस्टर जॉन्सन या कृष्णवर्णीय योद्ध्याने त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. सरावात चालणारा माणूस जेतेपदाच्या लढतीत चालत नव्हता.

हॅरी विल्स न्यू ऑर्लिन्सचा. जन्म १८८९, म्हणजे डेम्प्सीहून सहा वर्षांनी मोठा. उंची सहा फुटांहून बरीच अधिक, वजन दोनशे पौंडांच्या वर, आणि अंगात गोदीकामगाराचे बळ. श्वेतवर्णीय प्रतिस्पर्धी मिळत नसल्याने त्या काळचे कृष्णवर्णीय हेवीवेट आपसांतच पुन्हा पुन्हा लढत. विल्स आणि सॅम लँगफर्ड यांची गाठ पंधराहून अधिक वेळा पडली. एकाच माणसाशी इतक्यांदा झुंजणे ही हौस नव्हती, पोटाची सोय होती.

त्याच झुंजींत विल्सचा पहिला दोष उघड झाला. अंगाने त्याच्याहून कितीतरी ठेंगण्या लँगफर्डने १९१४ आणि १९१६ साली त्याला दोनदा बाद केले. म्हणजे हनुवटी पोलादी नव्हती. दुसरा दोष सवयीचा : प्रतिस्पर्ध्याला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ठोसे लगावण्याची त्याची शैली नियमांच्या काठावरून चालत असे आणि कधी कधी काठाबाहेर जाई. १९२२ साली बिल टेटविरुद्ध तो पहिल्याच फेरीत नियमभंगासाठी बाद ठरला.

डेम्प्सीचा दोष वेगळ्या जातीचा होता. त्याला रिंगणात उतरणेच कमी कमी आवडू लागले होते. १९२१ साली कार्पेंतियेविरुद्धच्या लढतीने तिकीटविक्रीत दहा लाख डॉलरची मर्यादा प्रथमच ओलांडली, आणि त्यानंतर दोन वर्षे त्याने जेतेपद पणाला लावले नाही. १९२३ साली शेल्बी येथे टॉमी गिबन्स पूर्ण पंधरा फेऱ्या टिकला. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर अर्जेंटिनाच्या लुइस फिर्पोने त्याला दोरांमधून थेट पत्रकारांच्या अंगावर फेकले. डेम्प्सी परत आत आला आणि दुसऱ्या फेरीत जिंकला. पण बचाव हा त्याच्या कोशातला शब्द नव्हता, हे त्या चार मिनिटांत साऱ्या जगाने पाहिले. त्यानंतर तीन वर्षे तो जेतेपदासाठी लढलाच नाही.

आता दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांचा दाखला. फ्रेड फुल्टनला डेम्प्सीने १९१८ साली अर्ध्या मिनिटाच्या आत संपवले, तर १९२० साली विल्सला तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावे लागले. फिर्पोला डेम्प्सीने दोन फेऱ्यांत बाद केले. विल्सने ११ सप्टेंबर १९२४ रोजी त्याच जर्सी सिटीत फिर्पोला बारा फेऱ्या झोडपले, पण बाद करता आले नाही. यावरून डेम्प्सीचे चाहते निकाल लावून टाकतात. मात्र तो घाईचा आहे. फिर्पोला डेम्प्सीपर्यंत पोहोचता आले, तसे विल्सपर्यंत पोहोचता आले नाही. धरून ठेवणारा, अंगाने भारी, सावध माणूस हा वाकून आत घुसणाऱ्या डेम्प्सीसाठी सर्वांत गैरसोयीचा होता.

तरीही १९२० ते १९२२ या काळात पारडे डेम्प्सीकडेच झुकते. उंच, मंद माणसांना आत घुसून डाव्या हुकने पाडणे हीच त्याची खासियत होती, आणि लँगफर्डने विल्सच्या हनुवटीचा पत्ता आधीच दाखवून ठेवला होता. १९२४ साली मात्र उत्तर सोपे नाही : डेम्प्सी वर्षभर रिंगणाबाहेर, विल्स पस्तिशीचा, पण सतत लढता. खरी अटीतटीची लढत झाली असती ती याच वर्षी, आणि तिकिटे छापली गेली तीही याच वर्षी.

मग घोडे अडले कुठे? १९२२ साली दोन्ही पक्षांनी करारावर सह्या केल्या, पण त्यात ना तारीख होती ना आयोजक. १९२५ साली फ्लॉइड फिट्झसिमन्स नावाच्या आयोजकाने पुन्हा सह्या घेतल्या. विल्सला ५०,००० डॉलर मिळाले, डेम्प्सीला दिलेला २५,००० डॉलरचा धनादेश वटला नाही आणि करार तिथेच संपला. मार्च १९२६ मध्ये शिकागो कोलिझियम क्लबने तिसरा करार केला. त्यात डेम्प्सीला सहीच्या वेळी १० डॉलर, ऑगस्टमध्ये ३,००,००० डॉलर आणि लढतीच्या दहा दिवस आधी ५,००,००० डॉलर द्यायचे ठरले होते. जुलैमध्ये क्लबने विम्यासाठी वैद्यकीय तपासणीची विनंती केली, तेव्हा डेम्प्सीने तारेने उत्तर धाडले : टनीविरुद्धच्या सरावातून विमावाल्यांसाठी वेळ नाही, आणि तुमच्याशी करारही नाही.

जीन टनी श्वेतवर्णीय होता, माजी मरीन सैनिक होता, आणि रिकार्ड आयोजक होता. न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगात जेम्स फार्ली यांनी, आधी विल्स मग टनी, असा आग्रह धरला. यामागे तत्त्व किती आणि हार्लेममधील मतदार किती, यावर मतभेद आहेत. बहुधा दोन्ही होते. परिणाम इतकाच झाला की रिकार्डने लढत फिलाडेल्फियाला नेली. २३ सप्टेंबर १९२६ रोजी पावसात, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, तीन वर्षे गंजलेला डेम्प्सी दहा फेऱ्यांत गुणांवर हरला.

जेमतेम तीन आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला ब्रुकलिनमध्ये, सदतीस वर्षांचा विल्स तरुण जॅक शार्कीकडून मार खात तेराव्या फेरीत नियमभंगासाठी बाद झाला. पुढच्या वर्षी स्पेनच्या पाउलिनोने त्याला चौथ्या फेरीत पाडले. ‘विल्स कधी तेवढा मोठा नव्हताच’ असे म्हणणारे या दोन लढतींचा हवाला देतात. ज्या माणसाला सात वर्षे दाराबाहेर उभे केले, त्याची पारख दार बंद झाल्यानंतरच्या लढतींवरून करणे हा न्याय नव्हे.

डेम्प्सी भित्रा होता, हा उलट आरोपही टिकत नाही. त्याने तीन वेळा सही केली होती. मात्र जगज्जेत्याने हट्ट धरला असता तर लढत झाली असती, हेही तितकेच खरे. फेब्रुवारी १९२६ मध्ये टायगर फ्लॉवर्स हा कृष्णवर्णीय योद्धा मिडलवेट जगज्जेता झाला, तेव्हा आकाश कोसळले नव्हते. हेवीवेट जेतेपदासाठी पुढच्या कृष्णवर्णीयाला संधी मिळाली ती २२ जून १९३७ रोजी, शिकागोत. जो लुइसने जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत बाद केले.

विल्सने कमाई हार्लेममधील घरांत गुंतवली आणि तो सुस्थितीत जगला. शिकागोच्या क्लबने डेम्प्सीवर खटला भरला. इलिनॉयच्या अपील न्यायालयाने १९३२ साली निर्णय दिला की न झालेल्या लढतीतून किती नफा झाला असता हे सिद्ध करता येणार नाही, म्हणून तो मागता येणार नाही. करार झाल्यापासून तो मोडेपर्यंतचा खर्च तेवढा मागता येईल. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत करारभंगाच्या नुकसानभरपाईचा धडा शिकवताना हा खटला आजही वाचायला दिला जातो.