पेल्यामागून आलेले ताट: इंग्लंडच्या खेड्यांतील पब आणि जेवण

इंग्लंडच्या खेड्यातला पब आज जेवणासाठी ओळखला जातो. रविवारी दुपारी गावाबाहेरच्या एखाद्या जुन्या पबमध्ये टेबल राखून ठेवायचे आणि भाजलेले बीफ, यॉर्कशर पुडिंग, बटाटे आणि ग्रेव्ही असा बेत झोडायचा, हा तिथल्या अनेक मध्यमवर्गीय घरांचा रिवाज आहे. इतिहासात मात्र हे जेवण पेल्याच्या बरेच मागून आले. पबचा खरा धंदा दारूचा. स्वयंपाकघराला महत्त्व मिळाले ते बहुतेक वेळा सरकारने दारूवर काही ना काही निर्बंध घातले तेव्हा, आणि चवीचा विचार तर त्याहूनही उशिरा सुरू झाला.

मध्ययुगाच्या अखेरीस तिथे तीन प्रकारची ठिकाणे होती. एलहाउस म्हणजे बहुधा एखाद्या बाईचे राहते घर. ती घरीच जवाची एल बनवी आणि पिंप तयार झाले की दाराबाहेर काठीला झुडपाची फांदी बांधून गावाला कळवी. टॅव्हर्नमध्ये वाइन मिळे, आणि ती मुख्यतः शहरांत असत. इनमध्ये वाटसरूला बिछाना, घोड्याला तबेला आणि दोघांना खाणे मिळे. काही इन मठांनी बांधली होती. सॉमरसेटमधील नॉर्टन सेंट फिलिप येथील जॉर्ज इन हे शेजारच्या कार्थुसियन मठाचे. ग्लास्टनबरीच्या मठाने यात्रेकरूंसाठी पंधराव्या शतकात उभारलेली दगडी इमारतही अजून उभी आहे. आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 दरम्यान मठ मोडीत काढले आणि ही इन खासगी मालकांकडे गेली.

1552 च्या कायद्याने एलहाउस चालवायला स्थानिक न्यायाधीशांचा परवाना सक्तीचा झाला. 1577 मध्ये कर बसवण्यासाठी मोजणी झाली, तेव्हा नोंद झालेल्या परगण्यांत 14,000 हून अधिक एलहाउस आणि सुमारे 1,600 इन भरली. टॅव्हर्न तीनशेच्या आसपास होती. रीतसर जेवण मिळण्याची खात्री फक्त इनमध्ये. म्हणजे दहांतल्या नऊ ठिकाणी पेल्याबरोबर फार तर भाकरतुकडा आणि चीज.

इनच्या जेवणाला भरभराटीचे दिवस दाखवले घोडागाड्यांनी. अठराव्या शतकात टोल घेऊन पक्के रस्ते झाले आणि 1784 मध्ये ब्रिस्टल ते लंडन अशी पहिली टपालगाडी धावली. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर स्टॅमफर्डसारख्या गावांतली इन रात्रंदिवस जागी असत. मोठ्या इनमध्ये ‘ऑर्डिनरी’ नावाची पंगत असे. ठरलेली वेळ, ठरलेला दर, एकच लांब मेज आणि समोर येईल ते खायचे, असा तो सरळ खानावळीचा मामला होता. टपालगाडीच्या प्रवाशाला तेवढीही उसंत नसे. घोडे बदलून काही मिनिटांत गाडी पुढे निघायची, आणि सूप निवण्याआधीच रणशिंग वाजले तर पैसे देऊन उपाशी उठण्याची पाळी येई. 1840 च्या दशकात रेल्वेचे जाळे पसरले तशी ही वर्दळ आटली. अनेक इन बंद पडली, काहींची शेतघरे झाली.

त्याच सुमारास खेड्यातला पब एका वेगळ्याच कायद्याने वाढला. जिनचे व्यसन कमी व्हावे आणि मोठ्या ब्रुअऱ्यांची मक्तेदारी मोडावी म्हणून 1830 मध्ये सरकारने कोणाही करदात्याला दोन गिनी भरून बिअर विकण्याची मुभा दिली. पहिल्या काही महिन्यांतच सुमारे 24,000 बिअरहाउस उघडली. लोहार, सुतार, चांभार यांनी आपला धंदा सांभाळून घराच्या पुढच्या खोलीत पिंप मांडले. इथे स्वयंपाक कसला? शेतमजूर आपली न्याहारी फडक्यात बांधून आणी आणि मालकाकडून फक्त बिअर घेई. 1869 मध्ये ही मोकळीक संपून परवाने पुन्हा न्यायाधीशांच्या हाती गेले. पुढे ब्रुअऱ्यांनीच पब विकत घेण्याचा सपाटा लावला. अशा पबच्या चालकाला मालकाचीच बिअर विकावी लागे. पिंपे खपवणे हे ब्रुअरीचे उद्दिष्ट असल्याने जेवणाकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

निर्बंधांतून पळवाटाही निघाल्या. रविवारी ठरावीक वेळेत पब बंद ठेवण्याच्या नियमातून ‘खरा प्रवासी’ वगळला होता, आणि 1874 च्या कायद्याने आदली रात्र तीन मैल दूर काढणारा तो खरा प्रवासी अशी व्याख्या केली. साहजिकच रविवारी गावोगावचे लोक शेजारच्या गावापर्यंत पायपीट करून तिथल्या पबमध्ये हजर होऊ लागले.

जेवणाला मुद्दाम पुढे आणण्याचा पहिला प्रयत्न सुधारकांचा. 1901 पासून अर्ल ग्रे यांच्या पुढाकाराने परगण्यापरगण्यांत ‘पब्लिक हाउस ट्रस्ट’ निघाले. तिथल्या व्यवस्थापकाला दारूच्या विक्रीवर दमडीही कमिशन नसे. ते मिळे जेवणावर आणि चहा-कॉफीवर. मोटारी आल्यावर ट्रस्टने पडीक घोडागाडीकालीन इन पुन्हा उभी केली. पहिल्या महायुद्धात सरकारच या धंद्यात उतरले. ग्रेटनाच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार फार पितात म्हणून 1916 मध्ये कार्लाइल परिसरातले पब आणि ब्रुअऱ्या सरकारने ताब्यात घेतल्या. जुन्या पोस्टाच्या इमारतीत ‘ग्रेटना टॅव्हर्न’ काढले आणि तिथे जेवणाची ऐसपैस सोय केली. ही सरकारी पबव्यवस्था 1973 पर्यंत टिकली. 1921 च्या कायद्याने युद्धकाळातली दुपारची बंदी कायम केली, पण जेवणासोबत पिणाऱ्याला रात्री एक तास जास्त देण्याची सोय ठेवली. पबमालकाला स्वयंपाकघर मांडण्यासाठी याहून चांगले आमिष कोणते?

चवीसाठी इन चालवणारा पहिला गाजलेला माणूस म्हणजे जॉन फॉदरगिल. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या, ऑस्कर वाइल्डच्या वर्तुळात वावरलेल्या या गृहस्थाने 1922 मध्ये ऑक्सफर्डजवळच्या टेम गावातले ‘स्प्रेड ईगल’ घेतले. डबाबंद मालाचा त्याला तिटकारा होता आणि उत्तम जिन्नस तो दूरदूरहून मागवी. पाहुण्यांच्या बाबतीतही तो तितकाच चोखंदळ होता. ज्यांचा चेहरामोहरा आवडला नाही त्यांच्या बिलात त्याने चक्क जादा आकार लावल्याची नोंद त्याच्याच 1931 च्या रोजनिशीच्या पुस्तकात आहे. ऑक्सफर्डचे विद्यार्थी आणि लेखक तिथे गर्दी करत, पण फॉदरगिलला पैसा कधी फारसा सुटला नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हा उत्साह मावळवला. रेशनिंग 1940 मध्ये सुरू झाले आणि 1954 मध्ये संपले. 1942 ते 1950 या काळात हॉटेलातल्या जेवणाला पाच शिलिंगांची कमाल मर्यादा होती. उकडून बेचव केलेला कोबी आणि पिठूळ ग्रेव्ही ही इंग्लिश जेवणाची बदनामी बरीचशी याच वर्षांतली. तिला वैतागून रेमंड पोस्टगेट या समाजवादी इतिहासकाराने सामान्य गिऱ्हाइकांनाच परीक्षक केले आणि त्यांच्या पत्रांवरून 1951 मध्ये ‘गुड फूड गाइड’ काढले. जाहिरात घ्यायची नाही, फुकटचे जेवण घ्यायचे नाही, हा त्याचा दंडक होता. तक्रार करायला संकोचणाऱ्या इंग्लिश माणसाला या पुस्तकाने वाचा दिली.

पबमध्ये मिळणारे ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरणाऱ्याचे जेवण, याच काळातले. चीजचा जाड तुकडा, पाव, लोणी, कांद्याचे लोणचे आणि गोडसर चटणी असे हे ताट पुरातन वाटते. शेतमजूर पाव-चीज-कांदा खात हे खरेच. पण या नावाने ते पबच्या फळ्यावर लिहिले गेले ते रेशन उठल्यावर चीजचा खप वाढवण्यासाठी 1950 च्या दशकात व्यापारी संघटनेने केलेल्या जाहिरातीमुळे, आणि पुढच्या दशकात दूध विपणन मंडळाने तिला जोर दिला.

खेड्यातल्या पबला खरा धक्का बसला 1967 मध्ये. रस्ता सुरक्षा कायद्याने चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा ठरवली आणि पोलिसांच्या हाती श्वासचाचणीचे यंत्र आले. मोटार घेऊन येणारा गिऱ्हाईक आता एका पेल्यावर थांबू लागला. त्याच्याकडून कमवायचे तर त्याला जेवू घालणे भाग होते. तोवर पबमध्ये दोन खोल्या असत. फरशीची ‘पब्लिक बार’ मजुरांची, तिथे बिअर थोडी स्वस्त. आणि गालिचाची ‘सलून बार’ बऱ्या घरच्यांची. जेवण सलूनमधून शिरले आणि पुष्कळ ठिकाणी मधली भिंत पाडून सगळ्या पबभर पसरले. पद्धत साधी होती: फळ्यावर खडूने लिहिलेले वाचायचे, काउंटरवर सांगून पैसे द्यायचे आणि नंबर घेऊन बसायचे. पुढच्या वीस वर्षांत फळ्यावर जे लिहिले जाई त्यातले बरेचसे फ्रीझरमधून मायक्रोवेव्हमध्ये जाऊन आलेले असे, हेही सांगितले पाहिजे.

उंची जेवण याच खेड्यांत, पण वेगळ्या वाटेने आले. फ्रान्सिस कूल्सनने 1949 मध्ये अल्सवॉटर सरोवराकाठी ‘शॅरो बे’ हे घरगुती हॉटेल उघडले. 1972 मध्ये अल्बेर आणि मिशेल रू या फ्रेंच भावांनी थेम्सकाठच्या ब्रे गावातला एक जुना पब घेऊन ‘वॉटरसाइड इन’ केले. त्याला 1985 मध्ये मिशेलिनचे तीन तारे मिळाले. त्याच गावातल्या दुसऱ्या जुन्या पबमध्ये हेस्टन ब्लुमेंथलने 1995 मध्ये ‘फॅट डक’ सुरू केले आणि 2004 मध्ये तिथेही तीन तारे आले. पब हा पब राहूनच तारा मिळवू शकतो हे 2001 मध्ये हेरफर्डशायरमधल्या टिटलीच्या ‘स्टॅग इन’ने दाखवले. मार्लोच्या ‘हँड अँड फ्लॉवर्स’ने पुढे दोन ताऱ्यांपर्यंत मजल मारली. 2022 मध्ये कार्टमेल गावातल्या जुन्या लोहारशाळेतल्या ‘लाँक्लूम’ला तिसरा तारा मिळाला. या जागांची कीर्ती रास्त आहे, पण गावातल्या माणसाला तिथे जेवणे परवडत नाही, ही तक्रारही तितकीच रास्त.

गावकऱ्यांनी आपला पब वाचवण्यासाठी वेगळा मार्ग काढला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा ‘ओल्ड क्राउन’ 2003 मध्ये सहकारी संस्थेने विकत घेतला. 2011 च्या कायद्याने पबची नोंद सामाजिक मालमत्ता म्हणून करून विक्रीआधी गावाला बोली लावण्यासाठी मुदत मिळू लागली. डिसेंबर 2020 मध्ये साथीच्या निर्बंधांत इंग्लंडच्या बऱ्याच भागांत फक्त ‘भरपेट जेवणा’सोबत दारू देणाऱ्या पबना उघडण्याची परवानगी होती. मग उकडलेल्या अंड्यावर खिम्याचे आवरण देऊन तळलेले ‘स्कॉच एग’ हे जेवण की तोंडात टाकायचा खाऊ, यावर मंत्र्यांना जाहीर खुलासे करावे लागले. त्या काही आठवड्यांत स्वयंपाकघर असलेल्या पबांना निदान दार उघडता आले. नुसती बिअर विकणारे खेड्यातले छोटे पब मात्र बंदच राहिले.