बूस्टचा लगाम

१९८९ साली निसानने स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे शौकिनांची आर३२, बाजारात आणली तेव्हा कॅटलॉगात तिची ताकद २८० अश्वशक्ती छापली होती. आदल्या वर्षी जपानमध्ये रस्ते अपघातांत दहा हजारांहून जास्त माणसं दगावली होती. ताकदवान गाड्यांवर टीका वाढली, तेव्हा कार कंपन्यांनी आपसात तोंडी ठरवून टाकलं की २८० च्या वर कुणी जायचं नाही. पण आर३२ चं २.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन मुळात ग्रुप ए शर्यतींसाठी घडवलेलं. त्याला आवरून धरणाऱ्या गोष्टींपैकी एक होती बूस्टच्या बारीकशा रबरी नळीत दडवलेला अरुंद छिद्राचा तुकडा.

जपानी ट्यूनरांना तो सापडायला वेळ लागला नाही. नळी काढायची, तुकडा बाहेर ओढायचा, नळी परत बसवायची. साधारण ०.७ बारवर थांबणारा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, एक बारच्या आसपास जाई. खर्च शून्य.

एवढ्याशा तुकड्याला इतकं महत्त्व कसं, हे कळायला वेस्टगेट समजून घ्यावं लागतं. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. इंजिनात हवा जास्त गेली की इंधन जास्त जळतं, एक्झॉस्ट वाढतो आणि टर्बो आणखी वेगाने फिरतो. हा फेरा कुणीतरी तोडावा लागतो. ते काम वेस्टगेटचं. बूस्टचा दाब डायफ्रॅमवर येतो, स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. डायफ्रॅमकडे जाणारी हवा वाटेतच थोडी गळू दिली, तर झडप उशिरा उघडते आणि बूस्ट चढतो. आर३२ मध्ये ही गळती सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) करायचा. किती हवा गळेल, याला तो अरुंद तुकडा मर्यादा घालत होता.

लगामाची ही खटपट तेव्हाही जुनीच होती. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. १०.२५ कॉम्प्रेशनच्या व्ही८ ला टर्बो जोडायचं धाडस कंपनीने केलं आणि नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, टाळायला पाणी व मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची सोय केली. टाकी मालकाने भरत राहायची. मालक ती भरायला विसरत, मग सुरक्षेची झडप बूस्ट कापून टाकी आणि गाडी मरगळून चाले. पुढे कंपनीनेच अनेक गाड्यांचे टर्बो उतरवून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. स्वीडनच्या साबने वीस वर्षांनी जास्त शहाणपणाची वाट धरली: इंजिनावर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला आणि ठोका ऐकू येताच वेस्टगेट उघडून बूस्ट खाली आणला. पेट्रोल हलकं मिळालं तरी इंजिन वाचे. आजच्या टर्बो गाड्या याच वाटेने चालतात.

ट्यूनरांची अडचण वेगळी होती. बूस्ट चढवणं त्यांना सोपं, तो एका जागी धरणं अवघड. सुरुवातीला नळीत हाताने फिरवायची साधी झडप बसे. तिच्यावर बूस्ट आधी उसळायचा, मग ढासळायचा. थंड रात्री एक आकडा, उकाड्याच्या दुपारी दुसरा. मोकळा सायलेन्सर बसवला की आणखी गंमत: वाढलेला एक्झॉस्ट मूळच्या छोट्या वेस्टगेटमधून मावेना आणि झडप पूर्ण उघडी असतानाही बूस्ट चढतच राही. उलट, स्प्रिंग मऊ असेल तर एक्झॉस्टचाच दाब झडप ढकलून उघडायचा, आणि वरच्या आरपीएमला बूस्ट गळून जाई. एचकेएससारख्या कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर काढले. प्रत्यक्ष दाब मोजून झडपेला क्षणाक्षणाला दुरुस्त करत राहणं, हे त्यांचं काम. पण वेस्टगेटच छोटा असेल, तर कितीही महागडा कंट्रोलर काही करू शकत नाही. हे पैसे भरल्यावर कळलेले लोक कमी नाहीत.

आर३२ च्या बाबतीत तर थोडीशी उसळीही महागात पडे. तिच्या टर्बोंची टर्बाइन चाकं सिरॅमिकची होती: वजनाला हलकी म्हणून चटकन वेग घेणारी, पण ठिसूळ. एक बारच्या वर बूस्ट गेला की ती फुटायची भीती. शर्यतीत हे परवडणारं नव्हतं. म्हणून १९९० ची ५६० गाड्यांची निस्मो आवृत्ती निघाली, ती धातूच्या टर्बाइनसह.

शर्यतींत आर३२ ने जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ मधल्या सगळ्या, म्हणजे २९ च्या २९, शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियात संयोजकांनी १९९२ मध्ये तिचं वजन वाढवलं, शिवाय बूस्ट रोखणारी झडप लावायला लावली. तरीही बाथर्स्टची त्या वर्षीची मोठी शर्यत जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ यांच्या आर३२ नेच जिंकली. तीही पावसात गाडी ठोकून घेतल्यावर! शर्यत मध्येच थांबवून मागच्या फेरीचा निकाल धरला गेला, आणि पोडियमवर चढलेल्या दोघांची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

२८० चा समझोता कॅटलॉगांत २००४ पर्यंत टिकला. त्या वर्षी होंडाने ३०० अश्वशक्तीची लेजंड विकायला काढली, आणि तिला टर्बो नव्हताच.