एरेबस : एका न कळवलेल्या बदलाची गोष्ट

सहलीचे विमान निघते तिथेच परतते; त्याच्या मार्गात काय बदलणार, असे मला वाटे. एरेबस अपघाताचा चौकशी अहवाल वाचला आणि तो समज गेला. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे डीसी-१० ऑकलंडहून अंटार्क्टिका दाखवायला निघाले. वैमानिकांना आधी दाखवलेला मार्ग मॅकमर्डो साउंडच्या सपाट बर्फावरून जात होता. उड्डाणाच्या पहाटे संगणकातला रेखांश बदलला. नवा मार्ग थेट एरेबस पर्वतावरून गेला. वैमानिकांना कुणी सांगितले नाही. मॅकमर्डोच्या नियंत्रकाने खाली उतरण्यास परवानगी दिली. पण परवानगी म्हणजे समोर डोंगर नसल्याची हमी नव्हे. ढगाखालचा पांढरा उतार दिसलाच नाही. २५७ जण गेले. पहिल्या चौकशीने वैमानिकाला दोषी धरले. १९८१ मध्ये न्यायमूर्ती पीटर महोन यांनी तो न कळवलेला बदलच मुख्य कारण ठरवला. मेलेल्या माणसाच्या माथी दोष मारण्याआधी त्याच्या हाती कोणता कागद दिला होता, ते मी आता आधी पाहतो.