याकोबीची होडी आणि निम्म्याचा नियम

नागपूरच्या अंबाझरी तलावावर एका रविवारी सकाळी दोन छोट्या होड्या शर्यतीसाठी पाण्यात उतरल्या. दोन्ही मुलांनीच बनवलेल्या, दीड हात लांबीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या आणि काठावरून रेडिओने हाकता येणाऱ्या. एन.सी.सी.च्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती बनवणे हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. त्यातूनच या मुलांना हा नाद लागला होता. दोन्ही होड्यांची मोटर एकाच जातीची, बॅटरीही सारखीच. फरक एवढाच, की एकीचा पाण्यातला पंखा मोठा होता. ही होडी सुरुवातीला झपाट्याने पुढे गेली. तिसऱ्या फेरीत ती मंदावली आणि काठाला आणली तेव्हा आतून जळक्या वार्निशचा वास येत होता. लहान पंख्याच्या होडीने शर्यत निवांत पुरी केली.

मोठा पंखा निवडणारी मुलगी बारावीत शिकणारी. तिने अंदाजाने काहीच केले नव्हते. मोटरमधून जास्तीत जास्त शक्ती केव्हा मिळेल याचा कागदावर हिशेब करून तिने पंखा ठरवला होता. "सर, मोटर खराब निघाली का?" तिने विचारले. मोटर खराब नव्हती. हिशेबही गणित म्हणून बरोबर होता. तो आम्हीच तपासून 'बरोबर' असा शेरा दिला होता. तेव्हा ती मोटर जाळण्यात आमचाही हात होता. मात्र ही चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो. एकोणिसाव्या शतकात भल्याभल्या तज्ज्ञांनी ती अनेक वर्षे केली, आणि तिची कथाही एका होडीपासूनच सुरू होते.

नेव्हा नदीवर

मोरित्स हेरमान याकोबी यांचा जन्म १८०१ मध्ये जर्मनीतील पोट्सडाम येथे झाला. प्रसिद्ध गणिती कार्ल याकोबी हे त्यांचे धाकटे बंधू. १८३४ मध्ये मोरित्स यांनी सतत गोल फिरणारी आणि काही काम करू शकणारी विद्युत मोटर बनवली. या कामाची वार्ता रशियापर्यंत पोहोचली आणि त्यांना सेंट पीटर्सबर्गला बोलावणे आले. तेथे १८३८ मध्ये त्यांनी आपली मोटर एका होडीत बसवली. मोटर होडीच्या बाजूची वल्हीचाके फिरवी. होडीत डझनभर माणसे बसली आणि नेव्हा नदीच्या प्रवाहात ती विजेच्या बळावर चालली. वेग मात्र पायी चालणाऱ्यापेक्षाही कमी होता.

पुढच्या वर्षी त्यांनी जस्त आणि प्लॅटिनम यांचे ग्रोव्ह घट वापरले. वेग वाढला, पण या घटांतील नायट्रिक आम्लामुळे निघणारा तांबूस वायू फार त्रासदायक असे. शिवाय जस्त महाग. इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी याच सुमारास हिशेब मांडला, की वाफेच्या इंजिनात कोळसा जाळून मिळणारे काम घटातील जस्त खर्चून मिळणाऱ्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. विजेची होडी तेथेच थांबली.

नियम खरा, अर्थ खोटा

होडी थांबली तरी याकोबींचा विचार थांबला नाही. दिलेल्या घटमालेतून अधिकाधिक काम कसे काढावे, हा त्यांचा प्रश्न होता. १८४० च्या सुमारास त्यांना उत्तर मिळाले. घटमालेला जोडलेला बाहेरचा रोध तिच्या अंतर्गत रोधाइतका असेल, तेव्हा बाहेर सर्वांत जास्त शक्ती मिळते. आज बारावीच्या पुस्तकात हाच नियम असतो.

मोटरला तो कसा लागू होतो ते पाहू. मोटर फिरू लागली की तिच्या वेटोळ्यांत बॅटरीला विरोध करणारे विद्युतचालक बल निर्माण होते. हे लेन्झच्या नियमानेच घडते. लेन्झही त्याच सेंट पीटर्सबर्गमधले, याकोबींचे सहकारी. मोटर जितकी वेगाने फिरेल तितके हे विरोधी बल जास्त आणि विद्युतधारा कमी. मोटर मोकळी फिरते तेव्हा विरोधी बल बॅटरीच्या जवळपास पोहोचते आणि धारा नाममात्र उरते. मोटर हाताने रोखून धरली, तर विरोधी बल शून्य आणि धारा सर्वाधिक. या दोन टोकांच्या बरोबर मध्ये, म्हणजे मोकळ्या फेऱ्यांच्या निम्म्या फेऱ्यांवर, मोटर जास्तीत जास्त शक्ती देते.

आता गोम अशी, की त्या क्षणी बॅटरीने दिलेल्या ऊर्जेतली निम्मी तारांमध्ये उष्णता होऊन वाया जाते. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला, की विद्युत मोटरची कार्यक्षमता कधीच निम्म्याच्या वर जाणार नाही. जास्तीत जास्त शक्ती आणि जास्तीत जास्त कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घेतले गेले नाही.

डायनॅमोच्या बाबतीतही तोच गोंधळ होता. आतला आणि बाहेरचा रोध सारखा हवा, असे जाणकार मानत. एडिसन यांनी १८७९ मध्ये अंतर्गत रोध अगदी कमी असलेला डायनॅमो बनवला आणि बहुतेक ऊर्जा बाहेर मिळते असे सांगितले, तेव्हा त्यांची थट्टा झाली. पुढे १८८० च्या दशकात सिल्व्हेनस थॉम्पसन यांच्यासारख्या लेखकांनी आपल्या ग्रंथांत हा घोळ उलगडून दाखवला. याकोबींचा नियम खरा होता. तो ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला गेला, तो प्रश्न वेगळा होता.

याच काळात होड्याही पुन्हा विजेवर चालू लागल्या. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी सुमारे ५ किलो वजनाच्या मोटरने पॅरिसच्या सीन नदीत होडी चालवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे, माणूस न बसवता रेडिओ लहरींनी हाकलेली होडी लोकांना दाखवली. मुलांच्या शर्यतीच्या होडीची ही पणजी.

आकड्यांत पाहू

मुलांची बॅटरी ७.२ व्होल्टची होती. बॅटरी, तारा आणि मोटर यांचा मिळून रोध ०.१ ओहम धरू. घर्षण सोडून देऊ.

फेरे निम्मे असताना विरोधी बल ३.६ व्होल्ट. उरलेल्या ३.६ व्होल्टमुळे धारा ३६ अँपियर. पंख्याला मिळणारी शक्ती सुमारे १३० वॅट आणि उष्णता तेवढीच, १३० वॅट.

आता पंखा लहान करून मोटर मोकळ्या फेऱ्यांच्या ८० टक्के फेऱ्यांवर फिरू दिली, तर विरोधी बल ५.७६ व्होल्ट आणि धारा १४.४ अँपियर. पंख्याला ८३ वॅट मिळतात आणि उष्णता होते केवळ २१ वॅट.

शक्ती एक तृतीयांशाने घटली, पण उष्णता सहाव्या हिश्शाच्या आसपास आली. ३ अँपियर-तास क्षमतेची बॅटरी पहिल्या रीतीने ५ मिनिटे पुरेल, दुसऱ्या रीतीने साडेबारा मिनिटे. होडीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात धरली, तर वेगातला तोटा जेमतेम १४ टक्के. शर्यत कोण जिंकणार हे सांगायला नको. घर्षण नसेल तर मोटरची कार्यक्षमता म्हणजे चालू फेरे भागिले मोकळे फेरे, एवढे सोपे सूत्र मुलांना देता येते.

मग मोटर कोणती घ्यावी?

दुकानात मोटरवर एका व्होल्टला किती फेरे, हा आकडा दिलेला असतो. तो मोठा म्हणजे मोटर चांगली, असा मुलांचा समज असतो. तो केवळ स्वभाव सांगतो. २००० फेऱ्यांची मोटर ७.२ व्होल्टवर मोकळी मिनिटाला १४,४०० फेरे घेईल. त्याच्या ८० टक्के म्हणजे साधारण ११,५०० फेऱ्यांवर ती ज्या पंख्याला फिरवू शकेल, तोच तिचा योग्य पंखा. येथे फार जपून चालावे लागते. फेरे तेवढेच ठेवून त्याच आकाराच्या पंख्याचा व्यास १० टक्क्यांनी वाढवला, तर लागणारी शक्ती सुमारे १.६ पट होते.

त्यानंतर पाहायचा तो रोध. तो जितका कमी तितकी उष्णता कमी. गेल्या शतकात इथेच मोठी प्रगती झाली. १९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी यांनी कार्बन ब्रशऐवजी इलेक्ट्रॉनिक घटकांनी धारा पालटणाऱ्या मोटरचे वर्णन केले. १९८० च्या दशकात निओडिमियम-लोह-बोरॉनची प्रबळ चुंबके आली. आजच्या ब्रशरहित मोटरी या दोहोंतून घडल्या. मात्र ही चुंबके फार तापली तर दुबळी होतात, तांब्याचा रोधही तापमानाबरोबर वाढतो. नागपूरच्या उन्हाळ्यात हवाच ४५ अंशांच्या घरात असते. म्हणून शर्यतीच्या होडीत मोटरभोवती नळी गुंडाळून तिच्यातून तलावाचेच पाणी खेळवतात.

वर्गात करण्यासारखे

खेळण्यातली मोटर, एक कोरडा घट आणि १० अँपियरपर्यंत मोजणारा मल्टिमीटर घ्या. घटातल्या मँगनीज डायऑक्साइडची गोष्टही सांगा; त्याचे खनिज आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघते. मोटर मोकळी असताना धारा मोजा. मग आस क्षणभरच बोटांनी रोखून धारा मोजा. घटाचे व्होल्ट भागिले ही धारा म्हणजे घट, तारा आणि मोटर यांचा मिळून रोध. पुढे आसाला वेगवेगळे पंखे लावून ते बादलीतल्या पाण्यात फिरवा आणि प्रत्येक वेळी धारा लिहून घ्या. रोखलेल्या धारेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास धारा घेणारा पंखा निवडा.

त्या मुलीने पुढच्या वेळी मोटर त्याच जातीची घेतली आणि पंखा याच रीतीने ठरवला. होडीने सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या आणि मोटर हाताला कोमट लागली. आम्ही मात्र तेव्हापासून हिशेबावर शेरा देण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो. "जास्तीत जास्त" असे लिहिले आहेस, ते कशाचे?