नेक्सॉन की ब्रेझा? चार मीटरच्या आतील दोन वाहनांची तुलना कशी करावी

घरानंतर बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे चारचाकी. गेल्या काही वर्षांत ही पसंती छोट्या हॅचबॅक गाड्यांकडून कॉम्पॅक्ट एसयूव्हीकडे झुकली आहे. या गटात टाटा नेक्सॉन आणि मारुती सुझुकी ब्रेझा ही दोन नावे ग्राहकांच्या यादीत अनेकदा शेजारीशेजारी असतात. दोन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे अगदी समान आहे. तरीही इंजिन, करआकारणी आणि वापराचे स्वरूप यांबाबत त्या परस्परांपासून बऱ्याच दूर आहेत. हा फरक समजून न घेता केवळ सनरूफ आणि टचस्क्रीनच्या आकारावर निर्णय घेतल्यास पुढील आठ-दहा वर्षे तो महागात पडू शकतो.

समान लांबी, भिन्न कर

चार मीटरची मर्यादा योगायोगाने आलेली नाही. केंद्र सरकारने २००६-०७ च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. त्या वेळी छोट्या मोटारीची व्याख्या लांबी आणि इंजिनक्षमता अशा दोन निकषांवर ठरली. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलसाठी १,२०० घन सेंटिमीटर (सीसी), तर डिझेलसाठी १,५०० सीसीपर्यंत असावे, अशी ती अट होती. वस्तू व सेवा करातही हीच चौकट कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या मोटारींवर १८ टक्के, तर त्याबाहेरील मोटारींवर ४० टक्के कर लागू झाला.

नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे आणि डिझेल इंजिन १,४९७ सीसीचे असल्याने दोन्ही १८ टक्क्यांच्या टप्प्यात येतात. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या ब्रेझाचे पेट्रोल इंजिन मात्र १,४६२ सीसीचे आहे. त्यामुळे लांबीची अट पूर्ण होऊनही ही गाडी ४० टक्क्यांच्या टप्प्यात जाते.

जाहीर किमतीत हा कर समाविष्ट असल्याने ग्राहकाला तो वेगळा दिसत नाही. दहा लाख रुपयांच्या एक्स-शोरूम किमतीत १८ टक्के कराच्या गाडीचे करपूर्व मूल्य सुमारे ८ लाख ४७ हजार रुपये असते. ४० टक्के कराच्या गाडीत तेच मूल्य सुमारे ७ लाख १४ हजार रुपये भरते. म्हणजेच एकाच किमतीच्या दोन गाड्यांत प्रत्यक्ष वाहनासाठी मोजलेल्या रकमेत सव्वा लाखाहून अधिक तफावत असू शकते. मोठ्या इंजिनाची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न म्हणूनच सर्वप्रथम विचारावा.

इंजिनाचा स्वभाव

नेक्सॉनचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन १२० पीएस शक्ती आणि १७० न्यूटन मीटर टॉर्क देते. ब्रेझाचे चार सिलिंडरचे, टर्बोविरहित इंजिन सुमारे १०३ पीएस शक्ती आणि १३७ न्यूटन मीटर टॉर्क देते. पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना किंवा द्रुतगती मार्गावर मालमोटारीला ओलांडताना टर्बोचा जोर जाणवतो. याउलट शहराच्या संथ वाहतुकीत चार सिलिंडरच्या इंजिनाची शांत, सलग चाल चालकाला सुखावह वाटते.

स्वयंचलित गिअरच्या रचनाही वेगळ्या आहेत. ब्रेझामध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. नेक्सॉनमध्ये एएमटी आणि सात गिअरचा ड्युअल क्लच, असे दोन पर्याय मिळतात. एएमटी तुलनेने स्वस्त असते, परंतु गिअर बदलताना किंचित हिसका जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टरची चाल मऊ असते, तर ड्युअल क्लच अधिक चपळ असतो.

ब्रेझाच्या वरच्या श्रेणीतील मॅन्युअल पेट्रोल गाडीचे प्रमाणित मायलेज लिटरला १९.८९ किलोमीटर आहे. नेक्सॉनच्या मॅन्युअल पेट्रोल गाडीचे सुमारे साडेसतरा किलोमीटर आहे. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक अंदाजे ८० लिटरचा, म्हणजे शंभर रुपये लिटर दराने वर्षाला सुमारे आठ हजार रुपयांचा होतो. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात. त्यामुळे इंधनबचत हा निर्णयाचा एक भाग मानावा, एकमेव आधार नव्हे.

डिझेल आणि सीएनजी

ब्रेझामध्ये २०२० पासून डिझेलचा पर्याय नाही. नेक्सॉनमध्ये तो आहे आणि २६० न्यूटन मीटर टॉर्कमुळे लांबच्या प्रवासाला उपयुक्त ठरतो. मात्र बीएस-६ डिझेल वाहनांतील काजळी अडवणारी गाळणी स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग चालवावी लागते. रोज तीन-चार किलोमीटरच्या शहरी वापरासाठी डिझेल गाडी घेणे म्हणूनच योग्य नव्हे. दिल्ली राजधानी क्षेत्रातील ग्राहकांनी दहा वर्षांवरील डिझेल वाहनांबाबतचे न्यायालयीन आदेशही लक्षात घ्यावेत.

सीएनजीचा पर्याय दोन्ही गाड्यांत आहे. ब्रेझाची टाकी सामानाच्या कप्प्यातील बरीचशी जागा व्यापते. नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या तळाशी बसवल्याने ३२१ लिटर जागा शिल्लक राहते. कुटुंबासह गावी जाणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

सुरक्षेचे तारे वाचताना

अपघात चाचणीतील तारे पाहताना चाचणीची तारीख आणि गाडीची पिढी तपासणे आवश्यक असते. नेक्सॉनचेच उदाहरण बोलके आहे. २०१८ मध्ये ऑगस्ट महिन्यात ग्लोबल एनकॅपने तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुधारणांनंतर पाच तारे मिळाले. पुढे निकष अधिक कडक झाले आणि २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत या गाडीने प्रौढ व बालक या दोन्ही गटांत पाच तारे मिळवले. ब्रेझाला २०१८ मध्ये मिळालेले चार तारे पहिल्या पिढीच्या विटारा ब्रेझाचे होते. ते सध्याच्या गाडीला लागू करता येत नाहीत. सहा एअरबॅग आता दोन्ही गाड्यांच्या सर्व श्रेणींत मिळतात. तथापि मागील आसनावरील प्रवाशांनी पट्टा न लावल्यास या सोयींचा उपयोग मर्यादितच राहतो.

जागा, विमा आणि नोंदणी

नेक्सॉनची सामानाची जागा ३८२ लिटर, तर ब्रेझाची ३२८ लिटर आहे. उंचीत मात्र ब्रेझा १,६८५ मिलिमीटरसह नेक्सॉनहून ६५ मिलिमीटरने वरचढ आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना गाडीत चढणे-उतरणे किती सोपे जाते, हे त्यांना प्रत्यक्ष बसवूनच ठरवावे. लहान शहरांत मारुतीचे देशातील सर्वांत मोठे सेवाजाळे ही ब्रेझाची जमेची बाजू आहे.

दोन्ही गाड्यांची इंजिने १,००० ते १,५०० सीसी या गटात असल्याने त्रयस्थ पक्ष विम्याचा अनिवार्य हप्ता समान असतो. मोटार वाहन कर मात्र राज्यागणिक बदलतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के, तर डिझेल गाडीवर १३ टक्के कर आहे. नोकरीनिमित्त इंदूर, हैदराबाद किंवा बडोद्यास बदलीची शक्यता असलेल्या केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांनी ‘बीएच’ मालिकेतील नोंदणीचा विचार करावा. २०२१ पासून उपलब्ध असलेल्या या सोयीत कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरता येतो आणि राज्य बदलल्यावर पुन्हा नोंदणी करावी लागत नाही.

निष्कर्ष

भरल्या गाडीनिशी घाट व महामार्गाचा प्रवास, सामानाची अधिक जागा आणि कमी कराचा लाभ हवा असल्यास नेक्सॉनचे पारडे जड ठरते. शहरातील निवांत वापर, मऊ स्वयंचलित गिअर, उंच बैठक आणि गावोगावची सेवाकेंद्रे यांना प्राधान्य असल्यास ब्रेझा अधिक सोयीची आहे. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, घरातील सर्वांना सोबत घेऊन चालवून पाहाव्यात. त्यानंतर ज्या श्रेणीची गाडी प्रत्यक्षात घ्यायची आहे, तिचीच ऑन-रोड किंमत लेखी स्वरूपात मागून घ्यावी आणि मगच नोंदणीची रक्कम भरावी.