टेस्टोस्टेरॉन सुरू करू का? १८८९ पासूनचा प्रश्न

गेल्या महिन्यात मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर लॅब रिपोर्ट पाठवला. वय ४९, सतत थकवा, कशात मन लागत नाही. टेस्टोस्टेरॉन 'लो'. खाली प्रश्न: "तू सायन्सवाला ना, सांग, इंजेक्शन सुरू करू का?" मी डॉक्टर नाही (पीएचडी झाली तरी तसला डॉक्टर होणार नाही). पण या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला आणि वाटलं, रिसर्चची तयारी करणाऱ्या तुम्हाला हे सांगायलाच हवं.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. जून १८८९. ब्राउन-सेकार हे नावाजलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ, वय ७२. कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यातला अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला आणि शास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर केलं की तरुणपणची ताकद परत आली. जिने पळत चढता येतात, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभं राहता येतं. नुसतं बोलणं नव्हतं हं. हाताचा जोर डायनॅमोमीटरवर मोजला होता, लघवीची धार किती लांब जाते तेही मोजलं होतं. हसू नका, आधीचा आणि नंतरचा डेटा होता तो!

मग चुकलं कुठे? पेशंट एक, प्रयोगकर्ताही तोच आणि कंट्रोल नाही. शिवाय टेस्टोस्टेरॉन पाण्यात फारसं विरघळतच नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच पद्धतीने अर्क करून पाहिला, तर त्यात परिणाम होईल इतकं टेस्टोस्टेरॉन नव्हतं. म्हणजे तो उत्साह बहुधा प्लासिबोचा. माणूस खोटं बोलत नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवा.

१९३५ मध्ये खरं टेस्टोस्टेरॉन बैलांच्या वृषणांतून वेगळं काढलं गेलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. आता औषध हातात होतं, पण द्यायचं कोणाला?

इथे माझा आवडता पेपर येतो: हेलर आणि मायर्स, १९४४. थकवा, चिडचिड, लैंगिक इच्छा कमी, अशा तक्रारी घेऊन येणारे सगळे पुरुष सारखेच दिसतात. पण वृषणं खरोखर कमी पडत असतील, तर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जास्त जोरात हाका मारते. म्हणून त्यांनी लघवीतली गोनॅडोट्रॉपिन मोजली. ज्यांच्यात ती वाढलेली होती ते टेस्टोस्टेरॉनने सुधारले, ज्यांच्यात नॉर्मल होती ते नाही. लक्षणं तीच, कारणं वेगळी. (पिट्युटरीच बिघडली असेल तर हाकाच कमी येतात, म्हणून आज टेस्टोस्टेरॉन आणि एलएच दोन्ही एकत्र बघतात.)

मोठ्या ट्रायल्स यायला मात्र पुढची कित्येक दशकं गेली. २०१६ मध्ये ६५ च्या पुढच्या ७९० पुरुषांत वर्षभर जेल विरुद्ध प्लासिबो असा प्रयोग झाला. लैंगिक बाबतीत मध्यम फायदा दिसला, थकव्याच्या मुख्य मोजमापात ठोस फरक नाही. २०२३ च्या ट्रॅव्हर्स ट्रायलमध्ये ४५ ते ८० वयाचे सुमारे ५,२०० पुरुष होते, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले. हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण टेस्टोस्टेरॉन गटात ७.० टक्के, प्लासिबोत ७.३. पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसातल्या गुठळ्या टेस्टोस्टेरॉन गटात जास्त. हे वाचून 'सेफ आहे' असं लिहायची घाई करू नका. प्रवेश कोणाला होता ते बघा: लक्षणं असलेले आणि दोन वेगवेगळ्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन कमी आलेले. 'थोडं कमी वाटतंय' म्हणणारे त्यात नव्हतेच.

आता मामाचा रिपोर्ट बघा. एकच तपासणी, तीही दुपारी जेवणानंतर. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि जेवणानंतर उतरतं. म्हणून मी त्याला एवढंच सांगितलं: सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपास, सोबत एलएच कर आणि रिपोर्ट एंडोक्रायनॉलॉजिस्टला दाखव. झोप आणि वजनाचंही त्यांच्याशी बोल. आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पिट्युटरी गप्प बसते, शुक्राणू घटतात. मूल हवं असेल तर हे आधी विचारायचं.

मामा म्हणाला, "म्हणजे तू 'हो' पण म्हणत नाहीस आणि 'नाही' पण." खरंय. रिपोर्ट अजून यायचाय. तोवर तुम्ही १९४४ चा तो पेपर काढून वाचा.