सुशेगादचं गोत्र

गोव्याच्या जाहिरातींनी एका शब्दाची पार रया घालवली आहे. दोन माडांना बांधलेली झोळी, तिच्यात पहुडलेला पर्यटक आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘सुशेगाद’. घाटावरच्या माणसाच्या डोक्यात मग तेवढंच पक्कं बसतं की सुशेगाद म्हणजे दुपारी ताणून देणारा, कामाला ‘फाल्या’, म्हणजे उद्या, म्हणणारा. गोंयकाराला हे बोचतं आणि त्याचं बोचणं रास्त आहे. उजाडायच्या आत भट्टी पेटवणारा पोदेर आणि महिनोन् महिने जहाजावर काढणारा तारवटी हीदेखील गोव्याचीच माणसं. खरा सुशेगाद माणूस आळशी असेलच असं नाही. त्याला घाई नसते, कुणाबद्दल कुरकुर नसते आणि त्याच्याशेजारी दहा मिनिटं बसलं की आपलाही जीव थाऱ्यावर येतो.

शब्द पोर्तुगीज आहे यात वाद नाही. 1510 ते 1961 या काळात कोंकणीत आणि मराठीत जे शेकडो पोर्तुगीज शब्द मुरले, त्यांतलाच हा एक. मूळ रूप ‘सोसेगादो’. शांत समुद्र सोसेगादो, एका जागी बसणारं गुणी पोर सोसेगादो. ब्राझीलमध्ये आजही एखाद्याला ‘सोसेगादो राहा’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘काळजी करू नका’ असा होतो.

तरी घरगुती व्युत्पत्त्यांचा मोह सुटत नाही. आरंभीचा ‘सु’ पाहून संस्कृताभिमानी माणसाला सुगंध, सुफळ, सुस्वभाव आठवतात. दुसऱ्याला फारसीतला ‘सुस्त’ दिसतो आणि आळसाचा आरोप आयता सिद्ध झाल्यासारखा वाटतो. दोन्ही तर्क उच्चारापाशीच कोसळतात. पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये आघात नसलेला ‘ओ’ जवळपास ‘उ’सारखा उच्चारतात. त्यामुळे लिहिताना ‘सो’ असलं तरी कानावर ‘सु’च पडतो. पुढच्या ‘से’चा ‘शे’ आपल्या मातीत झाला. इ-ए आले की ‘स’चा ‘श’ करणं ही मराठी-कोंकणी जिभेची जुनी खोड आहे. सिंदूरचा शेंदूर झाला, ‘सीव्’ धातूचं शिवणं झालं, तसंच हे. शेवटचा ‘ओ’ गळणंही नित्याचं. आफोन्सोचा हापूस झाला आणि ‘त्रोंको’चा तुरुंग, तेव्हा तो असाच गळाला होता.

खरा झगडा शेवटच्या अक्षराचा आहे. काही जण ‘सुशेगाद’ लिहितात, काही ‘सुशेगात’. व्युत्पत्ती जाणणारे ‘त’ पाहून नाक मुरडतात. ‘सोसेगादो’ हे धातुसाधित विशेषण, त्यात ‘द’ स्पष्ट आहे, मग ‘त’ आला कुठून? पण पोर्तुगीजमधून विशेषणासोबत ‘सोसेगु’ हे नामही आलं आणि कोंकणीत त्याचा ‘सुशेग’ झाला. सुशेग म्हणजे स्वस्थता, विसावा. हे नाम एकदा घरात आलं की ‘सुशेगात’ म्हणजे सरळसरळ सुशेगामध्ये. आरामात, मजेत, थाटात, ऐटीत, झोकात या पंगतीत त्याचं पान आधीच मांडलेलं होतं.

म्हणून ‘त’वाल्यांना अडाणी ठरवणं घाईचं आहे. पोर्तुगीजमध्ये हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं. पुरुष ‘सोसेगादो’, तर बाई ‘सोसेगादा’. आपल्याकडे मात्र तो सुशेगाद, ती सुशेगाद आणि सगळं घरच सुशेगाद. ‘तो मजेत, ती मजेत’ याच्याशी हे तंतोतंत जुळतं. शब्दाचं शरीर विशेषणाकडून आलं असलं, तरी बोलणाऱ्यांच्या कानाने त्यात सप्तमीच ऐकली असावी. तो इतका सहज रुळला याचं कारणही बहुधा हेच. गोव्यातल्या आसगावला जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद यांनी 1913 साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश काढला. अशा उसनवारीचा अभ्यास त्यांनीच पक्क्या पायावर उभा केला. पण उसना शब्द नव्या घरी कुठल्या पंगतीला बसतो, हे कोशापेक्षा व्याकरण अधिक नेमकं सांगतं.

आता या शब्दाचं आजोळ. पोर्तुगीज ‘सोसेगार’ आणि स्पॅनिश ‘सोसेगार’ ही सख्खी भावंडं. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याचं रूप ‘सेसेगार’ असं सापडतं. त्यावरून व्युत्पत्तिकार बोली लॅटिनमधल्या ‘सेस्सिकारे’ या क्रियापदापर्यंत जातात. हे क्रियापद कुठल्याही लॅटिन ग्रंथात लिहिलेलं नाही, ते वंशजांवरून बांधून काढलेलं आहे. मात्र त्याच्या मागे उभं असलेलं ‘सेदेरे’ अस्सल आहे. त्याचा अर्थ बसणे. सुशेगाद म्हणजे, मुळात, बसवलेला.

आणि लॅटिन ‘सेदेरे’चा संस्कृत भाऊ आहे ‘सद्’. सदन, संसद, परिषद, उपनिषद ही त्याची प्रतिष्ठित लेकरं. पक्ष्याचं ‘नीड’ही त्याचंच, ‘नि’ आणि ‘सद्’ एकत्र आटून झालेलं. इंग्रजीतलं ‘नेस्ट’ त्याच साच्यातून निघालं. (‘आसन’ या कुळातलं वाटतं, पण ते ‘आस्’ धातूचं. ‘आसन्न’ मात्र ‘सद्’चं.) याच सद्‌ला ‘प्र’ लागला की होतो ‘प्रसन्न’. म्हणजे मराठी माणूस ज्याला प्रसन्न व्यक्तिमत्त्व म्हणतो आणि गोंयकार ज्याला सुशेगाद म्हणतो, ते दोन्ही शब्द एकाच गोत्राचे. एक भूमध्य समुद्राकडून लिस्बनला आणि तिथून गलबतात बसून मांडवीत आला. दुसरा कधी घर सोडून गेलाच नव्हता. लग्नपत्रिकेवर ‘श्री गजानन प्रसन्न’ छापणाऱ्या गोव्यातल्या घरात दोघे एका छपराखाली राहतात, ओळख नसताना.

बसण्याचा आणि प्रसन्नतेचा संबंध काय? उत्तर पाण्यात आहे. संस्कृतात प्रसन्न हे आधी पाण्याचं विशेषण म्हणून शोभतं. गाळ तळाशी बसला की पाणी प्रसन्न. देवाचा ‘प्रसाद’ हातावर पडणारा शिरा होण्याआधी तोच शब्द स्वच्छतेचा, नितळपणाचा होता. काव्यातला प्रसादगुणही तोच, वाचताच अर्थ तळापर्यंत दिसावा असा. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतकाचा, म्हणजे आपल्या निवळीच्या झाडाचा दाखला आहे. त्याचं फळ पाणी शुद्ध करणारं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेऊन पाणी निवळत नाही, असं तिथे बजावलं आहे. त्या ‘निवळण्या’साठी वापरलेलं क्रियापद ‘प्रसीदति’. निवळीची बी घागरीच्या आत घासून गढूळ पाणी नितळ करायची रीत आपल्याकडेही होती. मराठीत पाणी निवळतं, आभाळ निवळतं, रागही निवळतो.

‘निवांत’ला या घराण्यात ओढायचा मोह होतो, पण तो हवेचा शब्द दिसतो. संस्कृत ‘निवात’ म्हणजे वारा नसलेली जागा, आणि गीतेतला न हलणारा दिवा अशाच जागी ठेवलेला आहे. मधला अनुस्वार मात्र अडचणीचा आहे. त्यामुळे निवणे, म्हणजे थंड होणे, या क्रियापदाकडे बोट दाखवणाऱ्यांना वाव मिळतो. पण ‘निवांत जागा’ म्हणताना आडोशाची, वारा न लागणारी जागा डोळ्यांपुढे येते. म्हणून कौल निवाताला. ‘दिलखुलास’ वेगळ्याच वंशाचा. त्यातला ‘खुलास’ अरबीतल्या शुद्ध-मुक्त या अर्थाच्या धातूचा, खालसा आणि खलास यांचा नातलग.

सद्‌च्या घरात एक काळी बाजूही आहे. ‘प्र’च्या जागी ‘वि’ आला की प्रसन्नचा ‘विषण्ण’ होतो, प्रसादाचा विषाद. बसणं तेच, फक्त आता माणूसच तळाशी गेलेला. पोर्तुगीजांनाही हा उलटा शब्द हवाच होता. त्यांनी ‘देसासोसेगु’ घडवला, चित्त थाऱ्यावर नसण्याचा. पोर्तुगीज कवी फेर्नांदु पेसोआ 1935 साली वारला आणि त्याच्या कागदांतून जुळवलेलं गद्य पुस्तक 1982 साली निघालं, त्याच्या नावात हाच शब्द आहे. गोव्याने मात्र ‘सुशेगाद’ ठेवून घेतला आणि ‘देसासोसेगु’ तिकडेच राहू दिला.

मराठीचं ‘बसणे’ सद्‌चं नव्हे, ‘उपविश्’चं. पण दोन बाजूंची तीच खोड त्यालाही लागली. धंद्याचा जम बसला तर शेजारी पेढे मागतात, आणि नुसताच धंदा बसला तर उधारी.